जीभ माझी, पोट आईचं

व्हिस्कीवर तास-दोन तास बोलू शकणारा, पण आयुष्यात तिचा एक थेंबही पोटात जाऊ न दिलेला असा माणूस मी एकच पाहिला. चन्नप्पा अण्णा. सोलापूरच्या भवानी पेठेत त्यांचं चहापत्तीचं दुकान होतं. दुकानावर पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे, कारण वास कोपऱ्यावरूनच यायचा. ठेंगणी मूर्ती, कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात पांढरा सदरा, आणि चेहऱ्यात सगळ्यात आधी दिसायचं ते नाक. त्या नाकाचा त्यांना भारी अभिमान होता. सर्दी झाली की अण्णा घरात सुतक पडल्यासारखे बसत आणि 'बरं वाटतंय का?' असं विचारणाऱ्यावरच खेकसत.

तरुणपणी ते कलकत्त्याला एका चहाच्या कंपनीत चाखणारे म्हणून नोकरीला होते. अक्कलकोटहून निघताना आईनं वचन घेतलं होतं, की साहेबलोकांत राहा, पण दारू पोटात जाऊ देऊ नकोस. अण्णांनी ते पाळलं, अगदी शब्दाला धरून. चहा चाखणारा माणूस चहा पीत नसतो. तो सुर्रकन घोट ओढतो, तोंडात खळखळवतो आणि थुंकून टाकतो. तिथल्या एका म्हाताऱ्या साहेबानं त्यांना त्याच रीतीनं व्हिस्की चाखायला शिकवलं. तेव्हापासून कुणी काही बोललं की अण्णांचं उत्तर ठरलेलं असे, "जीभ माझी, पोट आईचं." आई जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती, तरी पोट तिच्याच नावावर होतं.

मी मात्र या माणसाला पहिल्यांदा भेटले ती भांडायला.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते आणि माझा नवरा मधुकर एका मिलमध्ये चादरींच्या नक्ष्या काढायचा. हात फार चांगला. त्याच्या मोरांच्या चादरी मुंबईपर्यंत जायच्या. पण तो प्यायचा. गंमत म्हणून सुरू झालेलं रोजचं झालं होतं. एकदा मिलमध्ये तसाच गेला, मागावर भलत्याच नक्षीचा कागद चढवला, आणि मॅनेजरनं शेवटची ताकीद दिली. पुन्हा तोंडाला वास आला तर दुसऱ्या दिवशी यायचं नाही. अशा दिवसांत मला शेजारणीकडून कळलं, की दर रविवारी सकाळी 'चहाच्या दुकानात जाऊन येतो' म्हणून बाहेर पडणारा माझा नवरा तिथं माडीवर बसून व्हिस्की चाखायला शिकतोय. माझं डोकं फिरलं. आगीत तेल ओतणारा हा कोण शहाणा, ते बघायलाच मी निघाले.

माडीवर उत्तरेकडं एक मोठी खिडकी होती. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर चहा चाखायच्या पांढऱ्याशुभ्र बिनकानाच्या वाट्या, आणि प्रत्येक वाटीत तळाला बोटभर व्हिस्की. चौघं जण वाट्यांत नाक खुपसून बसले होते. एक अण्णा. दुसरे सहस्रबुद्धे वकील, ज्यांनी सगळ्यांना दारूचे परवाने काढून दिले होते. त्या काळी परवान्याशिवाय बाटली घरात ठेवता येत नसे आणि परवाना मिळायचा प्रकृतीच्या कारणासाठी, त्यामुळे सोलापुरातली ही चार ठणठणीत माणसं कागदावर आजारी होती. तिसरे करीमभाई, अत्तराचे व्यापारी. ते व्हिस्कीला ओठही लावत नसत, नुसता वास घ्यायचे आणि बिनचूक सांगायचे. आणि चौथा आमचा मधुकर.

मला बघून मधुकरचा चेहरा उतरला. राग आला की माझी माहेरची, केमची बोली वर येते. मी म्हटलं, "कुटं हायत ते अण्णा? माझा संसार बुडवायला निघालेला माणूस बघायचा हाय मला."

अण्णा उठून उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "मीच की. बसा ताई. भांडू आपण, पण दोन मिनिटं थांबा. इथं एक घोटाळा झालाय."

घोटाळा असा होता. त्या दिवशी एका जुन्या स्कॉचमध्ये त्यांना नवाच वास लागला होता. वकील म्हणत होते, पिंपाच्या लाकडाचा. करीमभाई म्हणत होते, "खस का कुछ तो हाय." अण्णा तर म्हणत होते, की असा वास कलकत्त्यातही कधी मिळाला नाही. बराच वेळ त्यावर खल चालला होता. मी रागारागात टेबलावरची एक वाटी उचलली, नाकाशी नेली आणि म्हटलं, "हा नव्या टॉवेलाचा वास आहे. खळीचा."

अण्णांनी कोपऱ्यातला टॉवेल उचलून हुंगला. वाट्या पुसायला वकिलांनी आदल्या दिवशी कोरे टॉवेल आणले होते, न धुतलेले. चौघंही सोलापुरात नाहीतर आसपास वाढलेले. सूत, खळ, नवं कापड यांच्या वासातच ती माणसं श्वास घेत आलेली, मग तो वास त्यांना वेगळा म्हणून कळणार कसा? व्हिस्कीत मिसळल्यावर मात्र ते त्याला थेट परदेशी समजून बसले होते. मी केमची, लग्न होऊन आलेली. आल्यावर पहिलं वर्षभर मला या गावाला खळीचाच वास येत होता.

अण्णा इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. मग मधुकरकडं वळून म्हणाले, "अरे, घरात असलं नाक ठेवून तू माझ्याकडं शिकायला येतोस?"

त्या दिवशी मी भांडलेच नाही. तशी नंतर भांडले, पण त्या दिवशी नाही. अण्णांनी मला पुढच्या रविवारी यायचं आमंत्रण दिलं आणि मी ते घेतलं. व्हिस्कीशी मला काय देणंघेणं? मला नवऱ्यावर नजर ठेवायची होती. खिडकीशी खुर्ची टाकून मी मुलींच्या वह्या तपासत बसायची. पेठेत कुजबुज झाली, बाईमाणूस दारूच्या टेबलाशी बसतं म्हणून. अण्णांच्या बायकोनं, पार्वतक्कांनी, ती कुजबुज एका वाक्यात मिटवली. म्हणाल्या, "ती बसत्ये म्हणूनच निस्तं थुंकत्यात. न्हायतर गिळले असते." अक्कांना नवऱ्याच्या या छंदाचा मनापासून तिटकारा होता. पण दर रविवारी कडक भाकरीचा डबा त्यांच्याच हातचा यायचा. बिनमिठाची, पापडासारखी कडक ज्वारीची भाकरी. एक व्हिस्की झाली की भाकरीचा तुकडा चावायचा, जीभ कोरी करायची, आणि मगच दुसरी वाटी उचलायची.

अण्णांचे नियम फार कडक. शनिवार संध्याकाळपासून शेंगाचटणी बंद. पान बंद, तंबाखू बंद. केसांना वासाचं तेल लावून आलेल्या वकिलांना त्यांनी एकदा नळाखाली डोकं धुवायला पाठवलं होतं. 'छान', 'मस्त', 'एक नंबर' असं म्हणायची सक्त मनाई. "छान म्हंजे काय? लेकाच्या लग्नाचं जेवण बी छान असतंय. कशासारखं लागतंय ते सांगा की." आणि सगळ्यात मोठा नियम, कुणी गिळायचं नाही. प्रत्येकापुढं एक पितळी पिकदाणी असे. अण्णांची तर भिंतीशी असायची आणि बसल्या जागेवरून त्यांचा नेम कधी चुकला नाही. हे बघताना मला किळस यायची आणि हसूही यायचं.

मधुकर गिळायचा. मला दिसायचं आणि अण्णांनाही दिसत असणार. एके दिवशी अण्णांनी काही न बोलता त्याची खुर्ची उचलली आणि करीमभाईंच्या शेजारी ठेवली. "आजपासून तू हितं. तुझं नाक चांगलं हाय, जीभ जरा आगाऊ हाय. करीमभाईसारखं निस्तं हुंगायचं." मधुकरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन रविवार तो गेलाच नाही, घरी धुमसत बसला. तिसऱ्या रविवारी आपणहून उठला, आंघोळ केली आणि गेला. का गेला ते मी विचारलं नाही.

कशासारखं, या प्रश्नानं अण्णा माणसाला वेड लावत. एका स्कॉचमध्ये धुराचा वास होता. वकील म्हणाले औषध, करीमभाई म्हणाले लोबान, मधुकर म्हणाला विझलेली चूल. अण्णांचं समाधान होईना. मी वह्यांतून मान वर न करता म्हटलं, "हुरड्याची आगटी विझायला लागली की असाच वास येतो." अण्णा ताडकन उठले. त्यांना ते पटलं होतं, पण खात्री करायची होती. मग थंडी पडल्यावर एका रविवारी सकाळी आमची सगळी वरात रेल्वेनं केमला, माझ्या माहेरच्या शेतावर. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, आगटी पेटवली, कणसं भाजली, हुरडा चोळून पाहुण्यांपुढं ठेवला. पाहुण्यांचं हुरड्याकडं लक्षच नाही. अण्णा आगटीच्या खड्ड्यापाशी उकिडवे बसले, एका हातात व्हिस्कीची वाटी. एकदा धूर हुंगायचे, एकदा वाटी. मग घोट घेतला, खळखळवला आणि बांधाकडं थुंकले.

दादांना राहवेना. "पावनं, वंगाळ हाय व्हय?"

"न्हाय न्हाय. लई उंची हाय."

"मग थुकतासा कशापायी?"

"पोटात जाऊ द्यायची न्हाय असं आईला वचन दिलंय."

दादांनी एक कणीस आगटीत परत सरकवलं. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "बाई, मानूस चांगला हाय. पन जरा हललेला हाय." त्यानंतर मात्र दादांनी अण्णांना कधी हुरड्याशिवाय राहू दिलं नाही. दर थंडीत एक गठडं भवानी पेठेत पोचायचं.

चहाच्या धंद्यातही त्यांची हीच तऱ्हा. कुठल्या गावाला कुठली पत्ती द्यायची ते ते गावच्या पाण्यावरून ठरवत. नवं गिऱ्हाईक आलं, की आधी त्याच्या विहिरीचं पाणी बाटलीत मागवायचे. खाऱ्या पाण्याला बारीक कडक पत्ती, गोड्याला जरा मोठी. "पत्ती वाईट नसत्ये. चुकीच्या पाण्यात पडत्ये," असं ते म्हणत. ते चहाबद्दल बोलत होते, पण मी ते मनातल्या मनात मधुकरला लावून बघायची. लावून बघायला तरी काय जातंय!

मग ती अमेरिकन बाटली आली. वकिलांचे मेहुणे शिकागोहून आले होते, त्यांनी आणलेली. बर्बन हा शब्द आम्ही सगळ्यांनीच प्रथम ऐकला. अण्णांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. रंग तांबूस, चांगल्या आसाम चहासारखा. त्या रविवारी माडीवर सणाचं वातावरण होतं. अण्णांनी सांगितलं, की ही मक्यापासून करतात आणि आतून जाळून कोळसा केलेल्या कोऱ्या पिंपात मुरवतात. वकिलांना मका हे ऐकून धक्काच बसला. मका म्हणजे जनावरांचं खाद्य, अशी त्यांची समजूत. वाटी तोंडाला लावल्यावर मात्र ते मका विसरले.

"गुऱ्हाळ," मधुकर म्हणाला. तो नुसता हुंगत होता, डोळे मिटून. "काहिलीत रस आटत आलाय, अजून गूळ झालेला नाही. आणि शेजारी कुणीतरी सुतारकाम करतंय."

अण्णांनी त्याच्याकडं बघितलं. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. "अरे यप्पा! असं बोलावं माणसानं." मग ठरलं, की पुढच्या एका रविवारी हिची स्कॉचशी आणि आपल्याकडच्या व्हिस्कीशी तुलना करायची. चांगली स्कॉच यायला अजून दोन आठवडे होते. तोवर निम्मी राहिलेली बाटली ठेवायची कुठं? वकील हात पुढं करत होते. अण्णांनी बूच घट्ट बसवलं आणि बाटली मधुकरच्या हातात दिली.

"तुझ्या घरी ठेव. येताना घेऊन ये."

मी त्या दिवशी खरोखरच भांडले. मधुकर जिना उतरेपर्यंत थांबले आणि मग अण्णांना म्हटलं, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देताय तुम्ही. काही झालं, तर त्याची नोकरी जाईल. तुमचं काय जाणार? तुम्ही थुंकून मोकळे!"

अण्णांना ते लागलं. थोडा वेळ ते वाट्या विसळत राहिले. मग म्हणाले, "ताई, सगळीच माणसं किल्ल्या लपवायला लागली, तर तो चोरच राहील की. एकदा कुणीतरी देऊन बघायला पायजे."

"आणि चुकलं तर?"

"तर चुकलं. मग बघू."

असलं उत्तर ऐकून बाईमाणसानं काय करावं? मी घरी आले. मधुकरनं बाटली कपाटाच्या वरच्या खणात, नक्ष्यांच्या गुंडाळ्यांमागं ठेवली. मी ठरवलं होतं, की बघायचं नाही. रोज बघत होते. तो मिलमध्ये गेला की स्टुलावर चढायची आणि पातळी बघायची. पातळी जागची हलली नव्हती. पहिला आठवडा गेला. दुसऱ्या आठवड्यात मिलमध्ये त्याची एक मोठी नक्षी मॅनेजरनं सगळ्यांसमोर नापास केली. त्या संध्याकाळी तो पडक्या चेहऱ्यानं घरी आला आणि न जेवता झोपला. दुसऱ्या दिवशी तो बाहेर पडताच मी स्टुलावर चढले. पातळी जिथल्या तिथं. मी देवापुढं दिवा लावला. अण्णा जिंकले असं मला वाटलं आणि मला त्याचा काय आनंद झाला!

तो रविवार उजाडला. टेबलावर स्कॉच, आपल्याकडची व्हिस्की आणि मधोमध बर्बनसाठी सोडलेली जागा. मधुकरनं बाटली आणून ठेवली. ठेवल्यावरही त्यानं तिच्यावरचा हात काढला नाही, पण मी म्हटलं, एवढी जबाबदारी पार पाडल्यावर सुटत नाही कधी कधी हात. रीत अशी होती, की आधी अण्णा स्वतःच्या वाटीत ओतून बघायचे आणि मग सगळ्यांना द्यायचे. त्यांनी ओतलं, उजेडात धरलं, नाक वाटीत घातलं.

नाक वाटीतच राहिलं. फार वेळ. मी अण्णांच्या चेहऱ्याकडं बघत होते, आणि तो चेहरा हळूहळू म्हातारा होत गेला. मला तेव्हा कळलं.

अण्णांनी वाटी खाली ठेवली, बूच परत लावलं आणि म्हणाले, "आज हिला बाजूला ठेवू. बूच बिघडलंय, वारा लागलाय हिला. चूक माझी. त्या दिवशी मीच नीट लावलं न्हाय."

सहस्रबुद्धे वकील भडकले. त्यांच्या मेहुण्यानं सातासमुद्रापलीकडून आणलेली बाटली, आणि ती हलगर्जीपणानं वाया जावी? ते नाही नाही ते बोलले. "अण्णा, तुमचं आता वय झालं. हात चालत नाही, उद्या नाकही चालणार नाही. कुणास ठाऊक, आत्ताही चालतंय का! हे मंडळ बंद करा आणि स्वस्थ घरी बसा." करीमभाई "वकीलसाब, जाने दो" म्हणत होते, पण वकील ऐकेनात. आणि ज्या माणसाला नाकाबद्दल कुणी चकार शब्द बोललेला खपत नसे, तो माणूस मान खाली घालून ऐकून घेत होता. एकदाही मधुकरकडं बघितलं नाही त्यांनी. त्यांनी बघितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं.

मधुकर उभा राहिला. खुर्ची मागं पडली.

"बूच चांगलं आहे," तो म्हणाला. "मी प्यायलो. नक्षी नापास झाली त्या रात्री, ही झोपल्यावर. निम्म्याहून जास्त प्यायलो. मग चहा करून भरला. अण्णांना काही बोलू नका."

खालून दुकानात कुणीतरी पत्ती तोलून मागत होतं, ते स्पष्ट ऐकू येत होतं. करीमभाईंच्या तोंडून फक्त, "या अल्ला, चाय?" एवढंच निघालं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शरम होती, राग होता, पण त्याखाली आणखीही काहीतरी होतं. इतक्या वर्षांत मधुकरनं 'मी प्यायलो' असं कुणापुढं कबूल केलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. माझ्यापुढंसुद्धा त्यानं ते कधी केलं नव्हतं.

अण्णांनी खुर्ची सरळ केली आणि मधुकरला खांद्याला धरून बसवलं. मग वाटी पुन्हा उचलली आणि दुकानदाराच्या सुरात विचारलं, "घरातल्या लाल डब्यातली पत्ती व्हय?"

मधुकरनं मान डोलावली.

"किती उकळलास?"

"उकळला नाही. नुसता झाकून ठेवला. उकळला असता तर काळा झाला असता."

"बरोब्बर," अण्णा म्हणाले. "रंग हुबेहूब जमवलास. वास बी बराचसा दाबलास. पन गड्या, चहा घालून फसवायला तुला सबंध सोलापुरात मीच सापडलो काय रे?"

आधी करीमभाई फिस्सकन हसले. मग मी हसले आणि हसताहसता रडायला लागले. मधुकरही रडत होता. वकील न हसता टोपी घालून निघून गेले. पुढं महिनाभर ते आले नाहीत आणि मग एका रविवारी काहीच न झाल्यासारखे येऊन बसले. आमच्याशी बोलायला मात्र त्यांना आणखी वर्ष लागलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा मधुकरला स्वतः सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरकडं घेऊन गेले. रविवारच्या टेबलाशी त्याची खुर्ची आता राहणार नाही, हेही त्यांनी त्याला वाटेत सांगितलं. "माझं चुकलं. तुला दारूच्या वासात बसवून सुधारायला निघालो. नाकानं कांदे सोलणारा माणूस मी, मला वाटलं सगळ्यांचं पोट आपल्यासारखंच असतंय." त्याऐवजी रोज सकाळी, मिलचा भोंगा व्हायच्या आधी, त्यांनी त्याला माडीवर चहा चाखायला बसवलं. त्याच पांढऱ्या वाट्या, तीच खिडकी. कशासारखं, हा प्रश्नही तोच. मधुकरची जीभ खरोखरच चांगली निघाली. वर्षभरात बार्शीपर्यंतच्या गिऱ्हाइकांची पत्ती तो मिसळायला लागला.

हे सगळं सरळ झालं असं नाही. तो दोनदा घसरला. एकदा दिवाळीत, एकदा दादा वारले तेव्हा. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आपणहून जाऊन अण्णांना सांगितलं. दोन्ही वेळा अण्णा म्हणाले, "बस. आधी चहा चाख." नोकरी टिकली. नक्ष्या परत पहिल्यासारख्या यायला लागल्या, आणि मी संध्याकाळी दाराशी उभी राहून त्याच्या पावलांचा आवाज ओळखायचं हळूहळू कमी केलं. मी अण्णांचे उपकार मानते, असं त्यांना कधी तोंडानं म्हटलं नाही. इथं म्हणते. त्या माणसानं माझा संसार वाचवला.

सत्तरचं दशक संपता संपता पार्वतक्का गेल्या आणि अण्णांचा धाकटा मुलगा त्यांना हुबळीला घेऊन जायला आला. दुकान थोरल्याकडं राहिलं. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. मी, मधुकर, करीमभाई आणि काठी टेकत वकीलसुद्धा. गदगला जाणारी छोट्या रुळांची गाडी उभी होती. दुपार होती, ऊन रणरणत होतं. अण्णा वाळले होते, सदरा खांद्यावर लोंबत होता. ते खिडकीशी न बसता दारातच उभे राहिले. सगळ्यांशी बोलून झालं. करीमभाईंनी त्यांच्या मनगटाला अत्तराचं बोट लावलं, तर म्हणाले, "वाळा. यंदाचा न्हाय, मागल्या सालचा."

शिट्टी झाली. तेव्हा अण्णांनी वाकून मधुकरचा खांदा धरला, त्याला जवळ ओढलं आणि सगळ्या फलाटासमोर आपलं नाक त्याच्या तोंडाशी नेलं. डोळे मिटून, सावकाश, पूर्ण श्वास घेतला. मधुकर लाजला, पण हलला नाही. मी चटकन नजर वळवली. कारण हेच काम मी लग्न झाल्यापासून करत आले होते. तो घरात आला की काहीतरी घ्यायच्या निमित्तानं त्याच्या जवळून जायचं आणि वास घ्यायचा. हल्ली कितीतरी दिवसांत काही मिळालं नव्हतं, तरी मी घेतच होते. हे कुणाला ठाऊक नाही, निदान मधुकरला तरी नाही, असं मला वाटत होतं.

अण्णांनी डोळे उघडले. मधुकरच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं.

"ताई," ते म्हणाले, "आता तुमी बी हे सोडा."

गाडी होटगीच्या दिशेनं निघाली. अण्णा दारातून हात हलवत राहिले, गाडी वळेपर्यंत. आम्ही घरी आलो. मधुकर चप्पल काढून आत आला आणि पाणी मागितलं. मी त्याच्या जवळून न जाता लांबूनच तांब्या पुढं केला आणि स्वयंपाकाला लागले.